पिवळ्या साडीतली कोणाची?

आमच्या मायचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, म्हणून रोज सकाळी दुधाचा थेंब नखावर घेऊन तो थांबतो की ओघळतो हे ती त्याच्या तोंडादेखत पाहायची. भाजीवालीवर नव्हता, म्हणून एकेक वांगं हातात फिरवून, दाबून, वास घेऊन मगच पिशवीत टाकायची. एसटीच्या कंडक्टरवर नाही, सुताचं बंडल आणून देणाऱ्यावर नाही, शेजारणीने पाठवलेल्या वाटीभर खिरीवर तर मुळीच नाही. "कायले धाडली असन वं तिनं खीर? काही काम असन," असं म्हणत ती आधी स्वतः चमचाभर खायची, थोडी थांबायची आणि मग आम्हाला द्यायची. तिचा भरवसा एकाच गोष्टीवर होता, बाबांच्या मागाच्या आवाजावर. आमच्या कारध्याच्या घरात पुढच्या खोलीत माग होता, सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत त्याची खटक-खटक चालायची आणि मागे चुलीशी तांदळाच्या भाकरी थापता थापता माय ती कानाने राखायची. आवाज थांबला की आतून लगेच हाक, "काहून थांबले?" बाबा म्हणायचे, "धागा तुटला वो, धागा." तरी ती पिठाच्या हातानं बाहेर येऊन धागा खरंच तुटला आहे का ते पाहून जायची. मी तिचीच मुलगी. नाकडोळे बाबांचे घेतले, स्वभाव मात्र अख्खा तिचा. आजही कोणी मला "तुमचा फोटो फार छान आला" म्हटलं, की ह्याला काय पाहिजे असेल, हाच विचार आधी येतो.

तर अशा बाईने मला लग्नाचे फोटो काढायच्या कामाला पाठवलं, आणि तेही एका शब्दात. बारावीनंतर घरी बसून मी बाबांना मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. लाखनीच्या मधुभाऊंना स्टुडिओसाठी मुलगी हवी आहे असं कळलं, तेव्हा मी मायशी भांडायची पुरी तयारी केली होती. ती काय काय म्हणेल आणि मी काय उत्तर देईन, ते सगळं मनात घोकून ठेवलं होतं. जेवताना विषय काढला. पानात लाखोळीची डाळ होती, जवसाची चटणी होती, बाबा मान खाली घालून जेवत होते. मायने एवढंच विचारलं, "लग्नातनी जा लागते ना? लोकाइच्या मधात?" मी म्हटलं, हो. "मंग जाय," ती म्हणाली आणि डाळ वाढायला उठली. बाबांचा घास हातात राहिला. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पहिला विचार आला तो हाच, की कुठंतरी पाणी मुरत आहे. पहिल्या लग्नाला निघाले तेव्हा तिने ट्रंकेतून आपली ठेवणीतली पिवळी, कोशाच्या रेशमाची साडी काढली. मी म्हटलं, "माय, स्टुलावर चढा लागते, साडी कायले?" तर म्हणते, "चांगलं नेसून जात जाय. लोकं पाहून राह्यतात." लोकांकडे पाहायला मी जाणार होते, लोकांनी माझ्याकडे पाहावं म्हणून नव्हे. पण तिच्यापुढे कोणाचं चाललं आहे? मी साडी नेसले, खाली सलवार घातली आणि पदर खोचून काळीपिवळी जीपमध्ये बसले.

मधुभाऊ बोलायचे कमी आणि खेकसायचे जास्त. पण काम शिकवलं ते त्यांनीच, आणि आज माझ्याकडे जी पोरं-पोरी शिकायला येतात त्यांना मी तेच शिकवते, खेकसण्यासकट. लग्नाच्या आदल्या दिवशी चादर अंथरून सगळं सामान तिच्यावर मांडायचं. कॅमेरे, सेल, चार्जर, कार्डं, फ्लॅश, लांब वायरचा बोर्ड, चिकटपट्टी. नजरेने दिसलं तरच बॅगेत टाकायचं, "असन ना बॅगेत" हे वाक्य स्टुडिओत चालत नसे. कार्ड रिकामं आहे का ते पाहायचं, पण आधीच्या लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर उतरल्याशिवाय रिकामं करायचं नाही. हळदीला चांगली लेन्स काढायची नाही, कारण तिथल्या पोरांना नवरदेवापेक्षा कॅमेऱ्याला हळद लावण्यात जास्त रस असतो. माझ्या वाट्याला एक जास्तीचा डबा होता, पिना, टिकलीचं पाकीट, कंगवा, सुईदोरा आणि पावडर पुसायचा रुमाल. "नवरीची पिन तुटली तर मुहूर्त थांबत नाही, आपला फोटो थांबते," मधुभाऊ म्हणायचे. आणि मांडवात पाय ठेवला की, जांभळीच्या डहाळ्यांखाली पाणीसुद्धा प्यायच्या आधी, पहिलं काम म्हणजे माणसं ओळखणं. मामा कोण, आत्या कोण, आणि रुसून बसलेला कोण. रुसलेला कोणी ना कोणी असतोच. त्याचा फोटो सगळ्यात आधी काढायचा. तो अल्बममध्ये दिसला नाही तर दोन घरं एकमेकांशी नाही भांडत, दोन्ही घरं मिळून फोटोग्राफरशी भांडतात. मी हे इतकं मनावर घेतलं की मांडवात शिरल्याबरोबर कोणाचं तोंड वाकडं आहे ते शोधत सुटायची. माझ्या स्वभावाला ते काम भारी जुळलं.

लग्नं झाली की एडिटिंग. स्टुडिओच्या मागच्या खोलीत कूलर घरघरायचा, बाहेर हायवेवरून ट्रक जायचे आणि टेबलावरचा चहाचा ग्लास थरथरायचा. त्या खोलीत मी मिटलेले डोळे उघडायला शिकले. एका फोटोत आजोबांचे डोळे मिटले असतील तर दुसऱ्यातले उघडे डोळे कापून बसवायचे. म्हणून तर प्रत्येक घोळक्याचे दोन-दोन फोटो घ्यायचे. मांडवाच्या मागची वाळत घातलेली चादर पुसायची, सासऱ्याच्या खिशातली तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी पुसायची, नवरीच्या मागे कारंजं आणि बर्फाचे डोंगर लावायचे. हे सगळं मला आवडायचं. एकच आवडत नसे, गोरं करणं. घरचे लोक यायचे आणि खुर्चीच्या मागे उभे राहून म्हणायचे, "थोडी अजून उजळ करा ना." अजून. अजून थोडी. एकदा एक नवरी इतकी उजळ झाली की तिच्या आईनेच विचारलं, "हे कोण?" आता तर फोनच न विचारता माणसाला गोरं करून टाकतो. माझी भाची फोटो पाठवते तेव्हा मला तिच्या मागची खिडकी पाहून ओळखावं लागतं की ही आपलीच आहे. पण ते असो.

मला ठेवलं होतं ते खरं म्हणजे नवरीच्या खोलीसाठी. नवरी तयार होत असताना दार लागायचं, माणसं बाहेर आणि आत बायका, आणि कॅमेरा घेऊन मी. पदर सुटलेला, केस मोकळे, कोणी हुंदके देतेय, कोणी लहान बाळाला पाजतेय. मधुभाऊंना तिथं कोणी उंबरा ओलांडू दिला नसता. मला नवऱ्या म्हणायच्या, "ताई, हा नको ना," आणि मी तिथल्या तिथे त्यांना दाखवून पुसायची. त्यांचा विश्वास पाहून मलाच धास्ती वाटायची. मी तर कोणावर असा विश्वास टाकला नसता. त्या खोलीचं कार्ड वेगळं असायचं, ते मी पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि मधुभाऊंच्या हातात द्यायची. आणि तिथूनच माझ्या डोक्यात किडा शिरला. ते कार्ड घेतलं की मधुभाऊ मागच्या खोलीत जाऊन बसायचे, आणि मी आत गेले की पडद्यावर पटकन कारंजं यायचं. दर वेळी कारंजंच. माणूस इतका वेळ एका कारंज्याकडे पाहत बसतो काय? मी चहाच्या निमित्ताने जाऊन पाहिलं, झाडायच्या निमित्ताने जाऊन पाहिलं, चप्पल काढून पावलं न वाजवताही जाऊन पाहिलं. कारंजं.

त्यात त्या बायका. पुढच्या काउंटरवर मधुभाऊंची बायको शोभावहिनी बसायच्या, पासपोर्ट फोटो कापायच्या, फ्रेमा विकायच्या. पण अशाही बायका यायच्या की ज्यांना फोटो काढायचा नसायचा, फ्रेमही घ्यायची नसायची. बसायच्या, पाणी प्यायच्या, इकडे तिकडे पाहून हळूच विचारायच्या, "आहे का काही नवीन?" वहिनी माझ्याकडे पाहायच्या आणि म्हणायच्या, "कुंदा, जाय बरं, दोन चहा सांगून ये." परत येईपर्यंत त्या बाईच्या पर्समध्ये पाकीट गेलेलं असायचं. आता सांगा, मी काय समजायचं? तेव्हा नुकतेच असे प्रकार कानावर येऊ लागले होते, पोरींचे फोटो पानठेल्यावर या हातातून त्या हातात फिरतात म्हणून. माझा घास गोड लागेना. नवरीच्या खोलीत मी कॅमेरा डोळ्याला लावायचं टाळू लागले, कारण त्या पोरी मला ताई म्हणून आत घेत होत्या, आणि मीच जर त्यांना विकत असेन तर? सांगायचं तरी कोणाला? मायला सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी स्टुडिओ बंद केला असता, मधुभाऊंचा नव्हे, माझा. आणि मधुभाऊंनी शब्द दिला होता की सीझनच्या शेवटी एक लग्न मी एकटीने करायचं, पहिल्या हळदीपासून पाठवणीपर्यंत. त्या एका लग्नासाठी मी काळीपिवळीतल्या धक्क्यांपासून वहिनींच्या टोमण्यांपर्यंत सगळं गिळत होते. बोलले तर कॅमेरा जाणार, नाही बोलले तर त्या पोरींशी बेइमानी. मी त्या दिवसांत किती घाबरले होते हे आज सांगूनही कोणाला कळायचं नाही.

एका दुपारी पुढे गिऱ्हाइकाने भांडण काढलं. त्याच्या मेहुण्याचा फोटो अल्बममध्ये नव्हता, तोच रुसलेला. आवाज चढले तसे मधुभाऊ मागून उठून पुढे धावले आणि कारंजं लावायला विसरले. मी आत गेले. पडद्यावर पोरी होत्या. लग्नांमधल्या, वऱ्हाडातल्या, आजूबाजूची गर्दी कापून एकेकटी काढलेली प्रत्येक पोरगी. कोणी डोक्यावर कळस घेतलेली, कोणी बाळाला कडेवर घेतलेली, पण बाळ पुसून टाकलेलं, त्यामुळे हात नुसताच वाकलेला. मागे सगळ्यांच्या एकच निळा रंग. वाईट असं त्यात काही नव्हतं, कोणाचा पदरही ढळलेला नव्हता, आणि त्यामुळे तर मला काहीच समजेना. मी पुढे पुढे पाहत गेले आणि एका फोटोशी थबकले. पिवळ्या कोशाच्या साडीतली एक पोरगी. गोरीपान, भिंतीला चुना दिल्यासारखी. ओळखीची वाटली. साडी मायची होती. मग बाकीचं ध्यानात आलं. नवरीची पिन लावायला वाकून मी सरळ झाले तेव्हा, दार उघडलं असताना, मधुभाऊंनी उंबऱ्याबाहेरून काढलेला फोटो होता तो. माझ्या नाकाशेजारी मस आहे, जन्मापासूनचा, तो नव्हता. आणि माझ्या गळ्यात कॅमेरा होता, पट्ट्यासकट. तो पुसून तिथं सोन्याचा हार बसवला होता. मसाचं मला काही वाटलं नाही. पण कॅमेरा होता तिथला तो हार मी पडद्यावरच नखाने खरवडून पाहिला.

मी ओरडले असणार, कारण मधुभाऊ गिऱ्हाइकाला तसंच सोडून आत आले. "अरे बाप्पा, कायले आरडून राहिली?" मी पडद्याकडे बोट दाखवलं. ते आधी चपापले, मग चिडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी त्यांची गत. "मी का चोरी केली? लोकं विचारतात मले. अल्बम पाह्यले बसले का नवरा-नवरी राह्यते बाजूले, पहिले विचारतात, थे पिवळ्या साडीतली कोणाची? थे कोपऱ्यातली कोणाची? लग्नातून लग्न निघते, कुंदा. मी स्थळाले फोटो देतो. पुण्याचं काम आहे."

"पोरींले विचारलं?"

"पोरींले काय विचारायचं? त्याइच्या माया सांगतात."

"माह्या मायनं सांगतलं?"

मधुभाऊंनी दाराकडे पाहिलं. दारात शोभावहिनी उभ्या होत्या, हातात कात्री तशीच. "तुह्या मायनंच सांगतलं बाई," त्या म्हणाल्या. "इथं येऊन बसली होती, तू लग्नाले गेली तवा. चांगला फोटो निवडा म्हणे. अन् कॅमेरा तेवढा काढजा म्हणे, लोकाइले बरं नाही दिसत."

खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. ज्या गोष्टीने माझी झोप उडवली होती ती नव्हती. आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की मी बॅग उचलून तशीच रस्त्यावर आले आणि कारध्यापर्यंत काळीपिवळीच्या मागच्या पायरीवर उभी गेले, आत बसायला जागा असून. ज्या माणसावर संशय धरला तो निघाला नुसता आगाऊ. आणि जिने मला दुधाचा थेंब नखावर पाहायला शिकवलं तिच्याकडे मी एकदाही नखभर संशयाने पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं म्हणा, पहिल्याच रात्री. पण आई आहे म्हणून सोडून दिलं होतं.

माय चुलीशीच होती. मी चप्पल न काढता विचारलं, "माय, माह्या गळ्यातला कॅमेरा कुठं गेला?" तिने एक क्षणही काही माहीत नसल्याचा आव आणला नाही. भाकर उलटवली. "अड्याळचं स्थळ आहे," ती म्हणाली. "कापडाचं दुकान आहे, पोरगा निर्व्यसनी आहे. रविवारी येऊन राहिले."

"मले विचारलं?"

"विचारलं असतं तर हो म्हणली असती का?"

"म्हणून तू मले स्टुडिओत जाऊ देलं?"

"मंग?" आता ती माझ्याकडे वळली. "तुले काय वाटलं, मले फोटोचा शौक आहे? आपल्या घरी येते कोण, कुंदे? सूत देणारा अन् कापड नेणारा. इथं कांड्या भरत बसली असती तर तुले पाहत कोण? लग्नात साऱ्या जिल्ह्याचे लोकं येतात. दोन मानसं तरी पाहतीन म्हटलं." बाहेर माग थांबला होता आणि ह्या वेळी मायने का थांबला ते विचारलं नाही. बाबा दारात येऊन उभे राहिले. "पोरीले विचारा लागत होतं," ते हळूच म्हणाले. माय म्हणाली, "तुम्ही धागा जोडा." ते परत गेले. मी जेवले नाही. तीही जेवली नाही, पण माझ्या भाकरीवर तिने वाटी मात्र उपडी घालून ठेवली.

रविवारी ते आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. घर सारवलेलं, मागावर स्वच्छ चादर टाकलेली, पोहे, चिवडा, बुंदीचे लाडू. मी नेसले होते तीच पिवळी साडी, मायचाच हुकूम. मी चहा घेऊन आले, बसले. मुलाच्या आईने पर्समधून फोटो काढला. माझ्याकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. खिडकीकडे धरून पुन्हा पाहिलं. मग मामाकडे सरकवला. मामाने चष्मा लावला. "हेच का पोरगी?" मुलाच्या आईने विचारलं. माय म्हणाली, "हेच ना." "इले लहान बहीण आहे का?" मायच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. मामाने मग स्पष्टच विचारलं, "नाही म्हणजे, फोटो एकीचा अन् बसवली दुसरी, असं होते बाप्पा आजकाल. दुधानं तोंड पोळलं आहे आमचं एकदा."

मी मायकडे पाहिलं. जन्मभर जिने साऱ्या जगाला नखावर ठेवून पाहिलं तिला आज कोणीतरी नखावर घेतलं होतं. तिचं तोंड लाल झालं, हातातली बशी तिने खाली ठेवली. "एकच पोरगी आहे मले," ती म्हणाली, "पाह्यजे तं गावाले विचारून या." आठवडाभर तिच्याशी न बोललेली मी, तिला खोटारडी म्हटलेलं मात्र मला सोसलं नाही. मी उठले आणि मामाच्या हातातून फोटो घेतला. "फोटो माहाच आहे," मी म्हटलं. "एडिटिंग केलं आहे. हे पहा, इथं मस आहे, थो पुसला. रंग उजळ केला. अन् हा हार माहा नाही. माह्या तोंडावर उजेड खिडकीतून, डावीकडून आहे, अन् हाराची सावली पहा, उलट्या बाजूले पडली आहे. दुसऱ्याच कोणाच्या गळ्यातला कापून लावला. इथं कॅमेरा होता. मी लग्नाचे फोटो काढते."

मुलगा पहिल्यांदा मान वर करून हसला. चांगलं हसला, ते कबूल करते. त्याची आई नाही हसली. "लग्नात? माणसाइच्या मधात फिरून?" मी म्हटलं, "हो." मामाने लाडू अर्धाच ठेवला. थोडा वेळ पावसापाण्याचं बोलले, धानाचं बोलले आणि उठले. मुलगा दारात एकदा थांबला, काही बोलेल असं वाटलं, पण आईने हाक मारली तसा गेला. मला त्याचं नावसुद्धा आता आठवत नाही.

ते गेल्यावर माय कितीतरी वेळ बशा आवरत राहिली. मग एकदम फणकारली, "हार आपला नाही थे सांगाची काय गरज होती?" आणि रडायला लागली. मी तिला रडताना फार कमी वेळा पाहिलं. "थ्या लोकाइनं मले खोटं पाडलं. मी जन्मात कोणाले खोटं माप देलं नाही." मी म्हटलं, "माय, फोटो खोटा होता." तिने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "अन् खरा पाहून आले असते का थे?" मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी उरलेले पोहे खाल्ले, कारण ती म्हणाली की वाया जातील.

दुसऱ्या दिवशी मी लाखनीला गेले. मधुभाऊंना वाटलं होतं मी येणार नाही. मी सांगितलं, त्या कापून ठेवलेल्या सगळ्या पोरी आधी पुसा, मग मी कामाला हात लावते. "वेडी झाली का? त्यातल्या कितीकाइचं जमलं," ते म्हणाले. मी म्हटलं, जमलं असेल. पण त्या मला ताई म्हणून खोलीत घेतात आणि मी बाहेर येऊन त्यांचं दुकान मांडते, हे व्हायचं नाही. पोरीने स्वतः येऊन सांगितलं तर काढा, माझी ना नाही. "नाही पुसलं तर?" "तर नवरीच्या खोलीत तुम्ही जा." मधुभाऊंच्या हातात सीझनची लग्नं होती आणि दुसरी मुलगी लाखनीत तरी नव्हती. बराच वेळ पुटपुटले, कानामागून आली अन् तिखट झाली वगैरे, पण बसले आणि माझ्यासमोर एकेक फोटो पुसला. कबूल केलेलं लग्नही त्यांनी मला दिलं, मी ते एकटीने केलं, सलवार-कुर्ता घालून. ती साडी मायने परत ट्रंकेत ठेवली.

त्यानंतर काही दिवसांनी एक बाई स्टुडिओत आली. पायरी चढतानाच तिचा आवाज चढलेला होता. "कुठं आहे थे पोरगी? माह्या पोरीचा फोटो काहून मिटवला?" मी पुढे झाले. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तूच का? आपलं मोडलं म्हणून दुसऱ्याचंही मोडाचं का? एवढा जळफळाट?" अड्याळची गोष्ट हायवेवरून माझ्याआधी लाखनीला पोचली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी संशय घेण्यात मुरलेली, पण माझ्यावर असा संशय येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. शोभावहिनी काउंटरवर मान खाली घालून पासपोर्ट फोटो कापत राहिल्या. मी तोंड उघडणार एवढ्यात तिच्या मागे उभी असलेली पोरगी दिसली. फ्रेमांकडे पाहत होती, जणू हे भांडण कोणा दुसऱ्याचं आहे.

मी तिलाच विचारलं, "तुले माहीत होतं का तुहा फोटो इथं होता?"

तिने मान हलवली. नाही.

"कोणाच्या लग्नात होती?" तिने मावसबहिणीचं नाव सांगितलं. कापलेला फोटो गेला होता, पण लग्नाचे मूळ फोटो होतेच. मी दोघींना मागच्या खोलीत नेलं, शोधलं आणि उघडला. पंगत बसलेली, पत्रावळीवर भात, समोर कोणीतरी काहीतरी गमतीचं बोललं असणार, आणि ही पोरगी तोंडाशी मठ्ठ्याचा ग्लास धरून इतकी हसतेय की ओठावर मठ्ठ्याची मिशी उमटली आहे. "अव्व माय!" तिची आई म्हणाली. "हा नाही, हा नाही. थो दुसरा, पुसलेला, चांगला होता." पोरगी मात्र पुढे झाली. खुर्चीच्या पाठीला धरून, वाकून, ती त्या फोटोकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

"मी अशी हासते?" तिने विचारलं.

"अशीच," मी म्हटलं. "काय करू? स्थळासाठी ठेवू? का मिटवू?"

तिने आईकडे पाहिलं नाही. "ठेवू नका," ती म्हणाली. "मिटवू पण नका. मले द्या."

वहिनींनी प्रिंट काढून आणली. पोरीच्या आईने घ्यायला हात पुढे केला. मी तो हात तसाच राहू दिला आणि फोटो पोरीच्या हातात दिला.